परिषदेला जाणाऱ्या विद्यार्थ्याचा खर्च कॉलेजनेच उचलावा

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातल्या कॉलेजांच्या पत्रकांत हल्ली एक ओळ हमखास सापडते : ‘आमच्या विद्यार्थ्यांनी आंतरराष्ट्रीय परिषदेत शोधनिबंध सादर केला.’ सोबत फोटो असतो. प्रमाणपत्र धरलेली मुलं आणि मधोमध प्राचार्य. नोंदणीचे पैसे कुणी भरले, हे मात्र त्या पत्रकात नसतं. पुष्कळदा ते घरून आलेले असतात, म्हणजे उसाच्या बिलातून, भाजीच्या पट्टीतून किंवा बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या पगारातून.

आमचं म्हणणं सरळ आहे. पदवीच्या मुलांनी आंतरराष्ट्रीय परिषदेत जरूर बोलावं, पण त्याचा सगळा खर्च कॉलेजने किंवा विद्यापीठाने करावा. आणि ज्या परिषदेचा खर्च उचलायला कॉलेज तयार नाही, तिथे त्याने मुलाला पाठवूही नये. यात दानधर्माचा प्रश्न नाही. स्वतःचे पैसे जाणार म्हटलं की कॉलेज विचारू लागतं : परिषद खरी आहे का? मुलाचं काम पुरं झालंय का? ते याच ठिकाणी का मांडायचं? आज हे प्रश्न विचारले जात नाहीत. जो बाप पैसे भरतो त्याला ते ठाऊक नसतात, आणि ज्यांना ठाऊक असतात त्यांच्या खिशातून काही जात नाही.

‘पदवीच्या पोरांना कसलं संशोधन जमतंय’ ही शंका आपल्याकडे प्राध्यापकच जास्त बोलून दाखवतात. अमेरिकेत फक्त पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी असलेली राष्ट्रीय परिषद १९८७ पासून भरते. ब्रिटनमध्ये तशीच परिषद २०११ साली सुरू झाली. ब्रिटनचं वॉरिक आणि ऑस्ट्रेलियाचं मोनॅश या विद्यापीठांनी २०१३ साली सुरू केलेली आंतरराष्ट्रीय परिषद तर वेगवेगळ्या देशांतले कॅम्पस व्हिडिओने जोडून भरवली जाते. एकाच सत्रात दोन-तीन खंडांतली मुलं बोलतात आणि कुणालाही विमानात बसावं लागत नाही. या ठिकाणी नव्या सिद्धांताची अपेक्षा नसते. एक नेमका प्रश्न, तो तपासण्याची समजण्यासारखी पद्धत, हाती आलेले आकडे आणि त्या आकड्यांच्या मर्यादा, एवढं मागितलं जातं. तिसऱ्या वर्षाच्या मुलाला हे जमतं, फक्त त्याला वेळ आणि मार्गदर्शक मिळाला पाहिजे.

गोची होते ती ‘आंतरराष्ट्रीय’ या शिक्क्याच्या बाजारामुळे. कॉलेजांना श्रेणी देणाऱ्या नॅक या संस्थेच्या मूल्यांकनात संशोधनाचा स्वतंत्र निकष आहे आणि राष्ट्रीय-आंतरराष्ट्रीय परिषदांच्या कार्यवृत्तांत (प्रोसीडिंग्जमध्ये) छापलेले निबंध त्यात मोजले जातात. मोजायचं म्हटलं की संख्या वाढवणारे येतातच. इमेल येतो, विषयांच्या यादीत अभियांत्रिकी, वैद्यक, वाणिज्य, भाषा, योग सगळं एकत्र असतं. सारांश पाठवला की दोन दिवसांत ‘अभिनंदन, आपला निबंध स्वीकारला आहे’ असं उत्तर येतं, कुणी एक शब्द बदलायला सांगत नाही. पाठोपाठ शुल्काचा तपशील. प्रमाणपत्र वेगळं, छपाई वेगळी, दुसऱ्या लेखकाचं नाव घालायचं तर आणखी वेगळं. परिषदेच्या दिवशी एका ऑनलाइन खोलीत चाळीस जण, प्रत्येकाला पाच मिनिटं, आणि प्रश्न कुणीच विचारत नाही.

खरी परिषद ओळखायला अर्धा तास पुरतो. ती कोणत्या विद्वत्संस्थेची किंवा विद्यापीठाची आहे हे पाहावं आणि त्या संस्थेच्या स्वतःच्या संकेतस्थळावर तिचा उल्लेख आहे का ते तपासावं, कारण परिषदेच्या पानावरचा लोगो कुणीही चिकटवू शकतो. गेल्या दोन-तीन वर्षांचा कार्यक्रम उघडावा. त्यात वक्त्यांची नावं, संस्था आणि वेळा आहेत का? निवड समितीतल्या दोघांच्या विद्यापीठातल्या पानावर जाऊन ते खरंच त्या समितीत असल्याचं कुठे दिसतं का, हे पाहावं. दिसत नसेल तर त्यांना दोन ओळींचा इमेल करावा. ‘स्कोपसमध्ये येईल’ असं म्हणणाऱ्यांचं कार्यवृत्त स्कोपस या संशोधन-नियतकालिकांच्या सूचीत स्वतः शोधावं. एकाच आयोजकाच्या एकाच तारखेला पाच शहरांत परिषदा असतील तर पुढे काही तपासायची गरज नाही. हे काम मुलाचं नव्हे, मार्गदर्शकाचं आहे, आणि त्याची सही घेतल्याशिवाय नोंदणीचा एक रुपयाही जाऊ नये.

आता वेळेचा प्रश्न, आणि तो कर्नाटकात अधिक टोचतो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२१-२२ पासून लागू करणारं कर्नाटक हे पहिलं राज्य होतं. त्या चौकटीत चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स पदवीची सोय होती : पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के किंवा अधिक गुण मिळवलेल्या विद्यार्थ्याला १२ क्रेडिटचा संशोधन प्रकल्प. मे २०२४ मध्ये राज्याने स्वतःचं शिक्षण धोरण ठरवण्यासाठी नेमलेल्या सुखदेव थोरात आयोगाच्या अंतरिम अहवालानुसार पुन्हा तीन वर्षांची पदवी आणली. त्यामागची कारणं, म्हणजे गरीब घरांवरचा वाढता भार आणि कॉलेजांत नसलेल्या सोयी, आम्हाला पटण्यासारखी वाटतात. पण परिणाम असा, की महाराष्ट्रातल्या चंदगडच्या मुलाला कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाखाली संशोधनाचं वर्ष मिळू शकतं आणि सीमेपलीकडे जवळच असलेल्या बेळगावच्या मुलाला राणी चन्नम्मा विद्यापीठाखाली ते नाही. मग संशोधन तिसऱ्या वर्षाच्या शेवटच्या सत्रात, चार महिन्यांत कोंबलं जातं. जानेवारीत विषय, मेमध्ये अहवाल. त्यात एक पावसाळासुद्धा बसत नाही. वेगळं वर्ष नसलं तरी काम तिसऱ्या सत्रापासून सुरू करता येतं. आठवड्याला चार तास, दीड-दोन वर्षं. त्यासाठी मार्गदर्शकाच्या कार्यभारात ते तास धरले गेले पाहिजेत. ते फुकटात मागितले की प्रोजेक्ट आयता विकत आणला जातो, हे बेळगावात कुणाला सांगायला नको.

विषयांची आपल्याकडे वाण नाही. एकाच जिल्ह्यात कणकुंबीला धो धो पाऊस आणि अथणीला पावसाची वाट पाहणं, हे दोन्ही आहे. मलप्रभा कणकुंबीला उगम पावते, उत्तरेला कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा आणि त्यांच्या काठचा ऊस. विहिरीच्या पाण्यातलं नायट्रेट हा एकच प्रश्न घ्या. ‘बेळगाव जिल्ह्यातील जलप्रदूषण : एक अभ्यास’ या नावाने पाठवलेला सारांश कुठलीही बरी परिषद बाजूला ठेवते. ‘उसाच्या शिवारातल्या उघड्या विहिरींतलं नायट्रेट, पावसाआधी आणि पावसानंतर’ असं म्हटलं की वाचणारा थांबतो. ३० विहिरी, मेमध्ये एकदा आणि ऑक्टोबरात एकदा, म्हणजे ६० नमुने. दर दहा नमुन्यांमागे एक दुबार नमुना, म्हणजे आणखी ६. शिवाय प्रत्येक फेरीला शुद्ध पाण्याची कोरी बाटली. बाटली त्याच विहिरीच्या पाण्याने तीनदा विसळायची, बर्फाच्या पेटीत ठेवायची आणि ४८ तासांच्या आत तपासायची. मुलं इथेच चुकतात : शनिवारी नमुने आणतात आणि प्रयोगशाळा मोकळी मिळेल तेव्हा, बुधवारी, तपासतात. तोवर बाटलीतल्या जिवाणूंनी नायट्रेट बदललेलं असतं आणि आकडा विहिरीचा राहत नाही. यूव्ही स्पेक्ट्रोफोटोमीटरवर (नमुना किती अतिनील प्रकाश शोषतो ते मोजणाऱ्या यंत्रावर) २२० नॅनोमीटरला वाचन घेताना पाण्यातले सेंद्रिय पदार्थही प्रकाश शोषतात, म्हणून २७५ नॅनोमीटरचं वाचन घेऊन दुरुस्ती करायची असते. ही दुरुस्ती विसरली तर पालापाचोळा पडलेली विहीर विनाकारण दोषी ठरते. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. किती विहिरी तिच्या वर गेल्या, कोणत्या महिन्यात, आणि विहिरीची खोली किंवा गोठ्याचं अंतर यांच्याशी त्याचा संबंध लागतो का, एवढं नीट मांडलं तर ते जगात कुठेही ऐकलं जाईल.

अभियांत्रिकीच्या मुलांना उद्यमबाग दाराशी आहे. तिथल्या फौंड्रीत वापरून झालेली वाळू काँक्रीटमध्ये चालेल का, हा प्रोजेक्ट अनेक कॉलेजांत होतो आणि बहुतेक वेळा एकाच जागी फसतो. बारीक वाळूच्या जागी ०, १०, २० आणि ३० टक्के फौंड्रीची वाळू, ७ आणि २८ दिवसांची चाचणी, प्रत्येक वेळी तीन ठोकळे, असे २४ ठोकळे होतात. १५० मिलिमीटरचा ठोकळा धरला तर जवळजवळ १९५ किलो काँक्रीट लागतं, सांडलवंड वेगळी. मुलं दमतात आणि एकेकच ठोकळा ओततात. मग आलेला फरक वाळूचा की ओतण्याचा, हे सांगता येत नाही. दुसरी चूक अधिक खोल आहे. फौंड्रीच्या वाळूत बेंटोनाइट आणि कोळशाची भुकटी असते, ती पाणी ओढते, मिश्रण घट्ट होतं. मिस्त्री सवयीने वरून पाणी घालतो. २८ दिवसांनी ताकद कमी भरते आणि अहवालात दोष वाळूला जातो, खरं तर तो वाढीव पाण्याचा असतो. पाणी-सिमेंटचं प्रमाण प्रत्येक मिश्रणात तेच ठेवून घट्टपणा सुपरप्लास्टिसायझरने (पाणी न वाढवता मिश्रण सैल करणाऱ्या द्रव्याने) सांभाळला आणि स्लम्पचे, म्हणजे ओलं मिश्रण किती बसतं त्या चाचणीचे, आकडे सोबत दिले, तर त्याच प्रोजेक्टला वजन येतं. कोणती वाळू आणली हेही लिहायला हवं. बेंटोनाइटची ओली वाळू आणि रेझिन मिसळलेली वाळू या दोन वेगळ्या वस्तू आहेत.

माणसांवरचा अभ्यास असेल तर आणखी एक दार आधी उघडावं लागतं. निपाणीच्या तंबाखूच्या वखारीतल्या किंवा विड्या वळणाऱ्या बायकांचा खोकला, त्वचा, मजुरी यांवर काम करायचं तर नैतिकता समितीची मंजुरी पहिली प्रश्नावली भरण्याआधी हवी. नंतर ती मिळत नाही, आणि तिच्याशिवाय गोळा केलेली माहिती चांगली परिषद घेत नाही. संमतीपत्र आपल्या भागात मराठी आणि कन्नड दोन्हीत लागतं. एका माणसाने त्याचा अनुवाद करावा, दुसऱ्याने तो परत मूळ भाषेत आणावा आणि दोन्ही ताडून पाहावेत. भीमगडच्या अभयारण्यात, बारापेडेच्या गुहांतल्या दुर्मीळ वटवाघळांजवळ जायचं असेल तर वनखात्याची लेखी परवानगी लागते. आणि पान, माती, कीटक, काहीही ‘दाखवायला’ म्हणून बॅगेत घालून परदेशी नेऊ नये. तो जैवविविधता कायद्याचा भंग ठरू शकतो.

उपकरण नाही, ही सबब अर्धीच खरी आहे. धारवाडला कर्नाटक विद्यापीठात विश्लेषण उपकरणांची केंद्रीय सुविधा आहे, कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात आहे, आणि देशभरातली उपकरणं आय-स्टेम पोर्टलवर शोधून आरक्षित करता येतात. बेळगावात पारंपरिक औषधांवर काम करणारी आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) राष्ट्रीय संस्थाच आहे. अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पांना राज्याची विज्ञान-तंत्रज्ञान परिषद दरवर्षी थोडं अर्थसाहाय्य देते, वैद्यकीय विद्यार्थ्यांसाठी आयसीएमआरची दोन महिन्यांची अल्पकालीन शिष्यवृत्ती आहे. पण हे पैसे कामासाठी आहेत. परदेश प्रवासाची बहुतेक अनुदानं पीएच.डी. करणाऱ्यांना डोळ्यांसमोर ठेवून आखलेली आहेत, त्यामुळे पदवीच्या मुलाचा प्रवास कॉलेजवरच येऊन थांबतो.

तो किती? मुंबईहून युरोपचं जाऊन-येऊन तिकीट, चार रात्रींचं राहणं, नोंदणी, व्हिसा, विमा, मुंबईपर्यंतची ये-जा हे सगळं धरलं तर दीड-दोन लाखांच्या खाली सहसा येत नाही. दरवर्षी प्रत्येकाला हे शक्य नाही, आणि ते करूही नये. आमची सूचना अशी : कॉलेजने वर्षाला ठरावीक रक्कम बाजूला काढावी. तिच्यातून आधी ऑनलाइन सादरीकरणांचं शुल्क द्यावं, मग धारवाड, गोवा, बंगळूर, पुणे इथल्या चांगल्या परिषदांचा प्रवास, आणि यांतून तावूनसुलाखून निघालेल्या एखाद-दुसऱ्या कामाला परदेश. ज्याने आपलं काम धारवाडला दहा जाणकारांसमोर कधी मांडलं नाही, त्याला थेट लिस्बनला पाठवण्यात त्याचंच नुकसान आहे.

परदेश ठरला तर कागदपत्रांनी दमछाक होते. ३६ पानी पासपोर्टला १,५०० रुपये लागतात, तत्काळ हवा तर आणखी २,०००. पण वेळ खातो तो नावांचा घोळ. एसएसएलसीच्या गुणपत्रिकेवर आद्याक्षरं, आधारवर पूर्ण नाव, रेशनकार्डावर कन्नडमधून इंग्रजीत गेलेलं तिसरंच स्पेलिंग. आडनावाचा रकाना रिकामा राहिलेला पासपोर्ट पुढे व्हिसाच्या अर्जात आणि विमानाच्या तिकिटात त्रास देतो. हे सगळं दुरुस्त करायला दोन-तीन महिने जातात, म्हणून प्रकल्प सुरू होतानाच, निबंध स्वीकारला जाण्याची वाट न पाहता, पासपोर्ट काढून ठेवावा. युरोपातल्या बहुतेक देशांना चालणाऱ्या शेंगेन व्हिसाचं शुल्क ९० युरो, अर्ज घेणाऱ्या व्हिसा केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. अर्ज प्रवासाआधी सहा महिन्यांपासून करता येतो, उशिरात उशिरा १५ दिवस आधी. विमा किमान ३०,००० युरोंचा हवा, आणि पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर तीन महिने तरी चालणारा. विद्यार्थ्याच्या खात्यात पैसे नसणं स्वाभाविक आहे. अशा वेळी कॉलेजच्या शीर्षपत्रावर ‘सर्व खर्च संस्था करत आहे’ असं स्पष्ट पत्र आणि रकमेचा तपशील जोडला की अर्ज भक्कम होतो. घरच्यांनी कुणाकडून तरी उसने आणून आठवडाभरासाठी खात्यात टाकलेले दोन लाख मात्र व्हिसा अधिकाऱ्याच्या नजरेतून सुटत नाहीत, आणि संशय मुलावर येतो.

सारांश लिहिण्याबद्दल थोडं. २५० ते ३०० शब्दांत प्रश्न, पद्धत, आकडा, अर्थ हे चारही यायला हवेत. आपल्याकडच्या सारांशांत पहिले १५० शब्द ‘पाणी हे जीवन आहे’ यात जातात आणि शेवट ‘निष्कर्ष परिषदेत मांडले जातील’ असा होतो. परीक्षक तिथेच पुढच्या अर्जाकडे वळतो. पोस्टर बहुधा ए-० आकाराचं, ८४१ बाय ११८९ मिलिमीटर. उभं की आडवं हे आयोजकांच्या सूचनेत असतं आणि छापण्याआधी ते वाचायचं असतं. मजकूर ५०० शब्दांच्या आसपास, अक्षर २४ पॉइंटच्या खाली नको, दीड मीटरवरून वाचता यावं. गल्लीतल्या फ्लेक्सवाल्याकडे छापायचं तर फाइल पीडीएफमध्ये न्यावी, नाहीतर त्याच्या संगणकावर फाँट बदलून µ च्या जागी चौकोन उमटतात. फ्लेक्सला घडी पडते, म्हणून कापडावर छापून घ्यावं. ते बॅगेत मावतं.

इंग्रजीची भीती मराठी माध्यमातून आलेल्या मुलांत खरी आहे, तिच्यावर उपाय मात्र चुकीचा केला जातो. मॅडम भाषण लिहून देतात, मूल पाठ करतं, बारा मिनिटं अडखळत नाही आणि पहिल्या प्रश्नाला गप्प होतं. बरा मार्ग असा : आधी तेच काम मराठीत, विषय ठाऊक नसलेल्या माणसाला, तीन मिनिटांत समजावून सांगायचं. जिथे तो ‘म्हणजे?’ विचारतो तिथे मुलालाच नीट कळलेलं नसतं. ती जागा पक्की झाली की साध्या, छोट्या इंग्रजी वाक्यांत बोलायचं, पाठ न करता. मग कन्नड मित्रांसमोर, मग दुसऱ्या विभागाच्या सरांसमोर. प्रश्न कळला नाही तर पुन्हा विचारायला सांगणं, आणि ‘हे आम्ही मोजलेलं नाही’ असं म्हणणं, या दोन गोष्टींचा सराव भाषणाइतकाच करून घ्यावा. मोजलेलं नाही असं म्हणणाऱ्या विद्यार्थ्याबद्दल परीक्षकाचं मत चांगलंच होतं.

या सगळ्यावर एक आक्षेप वजनदार आहे. सीमाभागातल्या मुलांना आधी नोकरी हवी, परिषदा कशाला? वर्ग गळतात, शिक्षकांच्या जागा रिकाम्या आहेत, आणि दोन लाख एका मुलावर? आम्ही हा आक्षेप झटकत नाही. म्हणूनच परदेशवारी शेवटी आणि क्वचित, असं म्हटलं आहे. पण नमुना ४८ तासांत का तपासायचा, तीन ठोकळे का ओतायचे, आपल्या आकड्यावर आपण किती विश्वास ठेवायचा, हे ज्याला कळलं तो पाण्याच्या प्रयोगशाळेत, साखर कारखान्यात, फौंड्रीच्या गुणवत्ता विभागात कामाचा माणूस होतो. आणि ते अंगी बाणायला परक्या जाणकारासमोर उभं राहावं लागणं, ही फार चांगली सक्ती आहे. आजच्या प्रमाणपत्राच्या धंद्यात पैसे तर जातातच, शिवाय हे शिक्षणही मिळत नाही.

तेव्हा कॉलेजच्या नियामक मंडळांनी ठराव करावा आणि त्यात पुढच्या गोष्टी शाईने लिहाव्यात. विद्यार्थ्याकडून कोणत्याही परिषदेचं शुल्क घेतलं जाणार नाही. परिषदेचे दिवस हजेरीत धरले जातील आणि बुडालेली अंतर्गत परीक्षा पुन्हा घेतली जाईल. विद्यापीठाची परीक्षा त्याच तारखेला आली तर पर्यायी तारखेसाठी कॉलेज स्वतः विद्यापीठाकडे लिहील. मुलाला परीक्षा विभागाच्या खिडकीपाशी उभं राहावं लागणार नाही. ज्या गावच्या विहिरींचं पाणी नेलं, त्या गावच्या पंचायतीला प्रत्येक विहिरीचा आकडा मराठी आणि कन्नडमध्ये, परिषदेच्या आधी दिला जाईल. आणि व्हिसा नाकारला गेला तर ते शुल्क परत मिळत नाही. तो तोटा कॉलेजच्या खात्यात लिहिला जाईल, आणि त्या मुलाचं सादरीकरण ऑनलाइन व्हावं यासाठी मार्गदर्शक त्याच दिवशी आयोजकांना इमेल करेल.